काळ्याला देणारं कोण

डहाणूच्या मासळी बाजारात शिरलं की डाव्या हाताला तिसरा पाट वसुमावशीचा. तिचं पूर्ण नाव वसुमती मर्दे, पण त्या नावाने तिला फक्त बँकेतला शिपाई हाक मारतो. वय साठीला टेकलेलं, अंगाने ठेंगणी, आणि आवाज असा की पापलेटाचा भाव ती आत सांगते आणि बाहेरच्या रिक्षावाल्यांना कळतो. सकाळी सात ते बारा मासे विकायचे, बारा वाजता पाट धुवायचा, उरलेली डोकी-शेपट्या डब्यात भरायची आणि मसोलीच्या रस्त्याला लागायचं, हा तिचा गेल्या सात वर्षांचा नेम आहे. मसोलीला एका चिकूच्या वाडीच्या मागे आमच्या ‘सोबत मंडळा’ची पत्र्याची शेड आहे. रस्त्यावर जखमी झालेली, कुणी टाकून दिलेली कुत्री-मांजरं तिथे आणतात, बरी करतात आणि जमेल त्यांना घर शोधून देतात.

मला तिथे नेलं तेही तिनेच. मी दर गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार घालते, पायाशी बसलेल्या चारही कुत्र्यांना गंध लावते, आणि रस्त्यात खरं कुत्रं दिसलं की पदर सावरून पलीकडे जाते, हे मी एकदा मासे घेता घेता तिला हसत सांगून बसले. ती हसली नाही. हातातला कोयता बाजूला ठेवून म्हणाली, “म्हणजे देवाची कुत्री चित्रात असली तर चालतात.” दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडवर होते. माझं अक्षर बरं म्हणून मंडळाच्या नोंदी आणि पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी रोजची वही लिहिते हे तिला कळल्यापासून तिने मला वहिनी म्हणणं सोडलं. आता मी ‘वहीवाली’.

मंडळ चालवतात ते डॉक्टर मितेश. जनावरांचे डॉक्टर, घरी गुजराती, आमच्याशी मराठी, आणि वसुमावशीशी दोन्ही मिसळून. कुत्र्यांना सुई टोचायला ते कधी घाबरत नाहीत. मावशीला मात्र घाबरतात. कारण मंडळात एक अलिखित कायदा होता, की कोणतंही जनावर कुणाला द्यायचं तर मावशीने त्या माणसाला आधी पारखायचं. सात वर्षांत तिने साठ-सत्तर जनावरं घरोघरी दिली, आणि त्यातलं एकही परत आलेलं नाही. त्यामुळे तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

ही गोष्ट आहे ती तिने एका जनावरासाठी एकामागून एक माणसं नापास केली त्याची.

मागच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, तलासरीजवळ हायवेवर एका ट्रकने एक काळं कुत्रं उडवलं. मितेशभाईंनी मागचा डावा पाय काढला तेव्हा कुठे ते वाचलं. अकरा दिवस ते काही खाईना. वसुमावशी रोज पाट धुऊन यायची, त्याच्याजवळ फतकल मारून बसायची आणि उकडलेल्या मांदेलीचा काटा काढून एकेक घास त्याच्या ओठांना लावायची. बाराव्या दिवशी त्याने तिचा अंगठाच तोंडात धरला. ती म्हणाली, मेला जगला. त्याचं नाव काळ्या पडलं. तीन पायांवर तो आधी उभा राहिला, मग चालला, आणि दिवाळीपर्यंत असा पळायला लागला की नव्याने आलेल्याला त्याचे पाय मोजायला वेळ लागायचा.

तो तिच्या घरी गेला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण मावशीचं घर किनाऱ्यालगतच्या आळीत. समोर बांबूंवर सगळ्या आळीचे बोंबील सुकत असतात, खाली चटयांवर जवळा. तिथे कुत्रं आणलं तर आळीतल्या बायका कुत्र्याला नाही, मावशीलाच हाकलतील. हे ती स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, की त्यांचं चुकत नाही, मी पण हाकलली असती.

म्हणून काळ्याला घर शोधायचं ठरलं. डहाणूला आम्ही दोन शिबिरं घेतली. एका मांडवात जनावरं आणायची, लोकांनी बघायची, पसंत पडलं तर फॉर्म भरायचा. तीन पाय असूनही काळ्याला मागणी आली, एक नाही, चार. आमच्या यांच्या रेल्वेतल्या सहकाऱ्याला तो हवा होता. मावशीने विचारलं, राहता कुठे? तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नापास. हे आम्हालाही पटलं. मग एक निवृत्त अधिकारी आले, त्यांचा समुद्राजवळ बंगला. मावशी जाऊन फाटक बघून आली आणि म्हणाली, एवढं मोठं कुलूप लावणाऱ्याला कुत्रं कशाला. तिसऱ्या एक शिक्षिका होत्या. मावशी शेजारी बसल्यावर त्यांनी रुमाल नाकाला लावला. मावशी म्हणाली, माझा वास सोसत नाही, तर भिजलेल्या कुत्र्याचा कसा सोसेल? चौथे घोलवडचे एक वाडीवाले. घर बैठं, अंगण मोठं, स्वभाव गरीब, बायको तर काळ्याला बघून रडायला लागलेली. यांच्यात काय खोट काढते म्हणून आम्ही सगळे बघत होतो. मावशीने बराच विचार केला आणि म्हणाली, “हा माणूस फार हसतो.”

मितेशभाईंनी डोक्याला हात लावला. म्हणाले, “मासी, हसतो तो सारूच ने. रडका माणूस पाहिजे का तुला?”

मावशीने डबा उचलला आणि काळ्याला भरवायला गेली. तेव्हा आम्हाला कळलं. घरं नापास होत नव्हती. मावशीला काळ्या कुणाला द्यायचाच नव्हता. पण तिला हे सांगणार कोण? आणि इकडे काळ्याचे दिवस चालले होते. शेडमध्ये जागा बारा जनावरांची, होती सतरा. तो दिवसभर जाळीला नाक लावून बारा वाजायची वाट बघायचा. दोन तास मावशी असायची तेवढा वेळ तो कुत्रा असायचा, बाकीचे बावीस तास नुसता पडलेला.

मार्गशीर्षात तलासरीला बाजाराच्या दिवशी तिसरं शिबिर ठरलं. पाट्या मीच लिहिल्या आणि मितेशभाईंनी तलासरीपासून उधव्यापर्यंत एस.टी.च्या थांब्यांवर लावल्या. मी लिहिलं होतं: ‘मुक्या जिवाला दत्तक घ्या. येताना ओळखपत्र व कुटुंबाची संमती आणावी.’ कुटुंबाची संमती म्हणजे आमच्या मनात एवढंच होतं, की नवऱ्याने बायकोला विचारून यावं. दुपारी नेलेलं पिल्लू संध्याकाळी परत यायला नको.

शिबिराच्या दिवशी अकराच्या सुमाराला मांडवात एकदम पाच माणसं शिरली. पुढे एक सत्तरीचा म्हातारा, धुतलेला पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी. मागे त्याची बायको, आणि त्यांच्यामागे तीन वयस्क पुरुष, लग्नाची बोलणी करायला आल्यासारखे गंभीर. म्हाताऱ्याने नाव सांगितलं, रामू. बायको सुकी. उधव्याचे वारली शेतकरी. मुलगी सिल्वासाला दिलेली, घरात दोघंच. उधव्याच्या थांब्यावर पाटी कुणीतरी वाचून दाखवली, म्हणून आले. पिशवीतून त्याने एकेक वस्तू टेबलावर मांडली. दोघांचं आधार कार्ड. रेशन कार्ड. घरपट्टीची पावती. आणि वहीचा एक ताव, त्यावर सतरा नावं. काहींच्या पुढे सही, बाकीच्यांच्या पुढे अंगठा.

हे काय, म्हणून मितेशभाईंनी विचारलं. रामू म्हणाला, संमती. सगळ्या भाऊबंदांची. दत्तक म्हटल्यावर भाऊबंदांना विचारायला नको? त्यासाठी त्याने चार दिवस घालवले होते. एक चुलत भाऊ वापीला कामाला, त्याच्यासाठी तो वापीला जाऊन आला होता. बरोबरचे तिघं साक्षीला होते.

शिबिरातली कॉलेजची मुलं तोंड फिरवून हसायला लागली. मलाही हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, कारण तो शब्द माझ्या हातचा. आम्ही ‘दत्तक’ लिहिलं होतं ते छान दिसतं म्हणून. या माणसाने ते खरं धरलं होतं.

मावशी हसली नाही. ती सुकीकडे बघत होती. पिल्लांच्या टोपलीभोवती सगळा बाजार लोटला होता आणि सुकी मात्र मांडवाच्या टोकाला, काळ्याजवळ जाऊन बसली होती. आत्तापर्यंत काळ्याला बघायला आलेल्या प्रत्येकाने विचारलेलं, चावतो का, नाहीतर पाय कसा गेला. सुकीने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, “पावसात ठणकते का याला?”

“ठणकतो,” मावशी म्हणाली. “चाटत बसतो मग सारखा.”

आणि ती सुकीच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने मावशी उठून आमच्याकडे आली आणि म्हणाली, घर बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. मितेशभाई माझ्या कानाशी म्हणाले, पाचवा नापास.

घर बघायला गेलो तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. पहाटे उठून मी महालक्ष्मीचा घट मांडला, पूजा केली, आणि संध्याकाळच्या कहाणीला परत यायचं म्हणून मितेशभाईंना दोनदा बजावलं. गाडीत पुढे ते आणि मी, मागे वसुमावशी आणि काळ्या. काळ्याला नेऊ नका, उगाच आशा लागेल, असं मी म्हटलं होतं. मावशी म्हणाली, लागू दे, त्याला पण घर बघू दे.

रामूचं घर एका उतारावर. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, मागे तीन ताड आणि कोंबड्यांचा खुराडा. अंगणात सतरा नावांपैकी निम्मी माणसं आधीच येऊन बसलेली. मावशीने चहा बाजूला ठेवला आणि तपासणी सुरू केली. बाजारात खेकडा भरलेला आहे की पोकळ ते बघावं, तसं तिने ते घर उलटंपालटं करून बघितलं. दाराची पायरी उंच असेल, असं ती गाडीतच म्हणाली होती. उंच होती, पण रामूने तिला लागून मातीचा उतार केला होता, ओला, कालचा. विहिरीला कठडा होता. रस्ता लांब होता. साखळी कुठे आहे, विचारलं तर रामू म्हणाला, दावं बैलाला असतं. झोपणार कुठे? आम्ही झोपतो तिथे. खाणार काय? आम्ही खातो ते, भाकरी, भात, ओहोळाचे मासे, खेकडे. मावशीचा चेहरा उजळला. सापडलं. म्हणाली, खेकडा याचं नाक धरेल. सुकी म्हणाली, नांग्या मोडून देईन की. तीही खोट गेली.

तोवर काळ्या उतारावरून दोनदा आत जाऊन बाहेर आला होता आणि खुराड्यापुढे उभा राहून कोंबड्यांशी काहीतरी ठरवत होता.

मावशीकडे काही उरलं नाही हे सगळ्यांना दिसलं. ती खाली बसली. काळ्या आला आणि तिच्या पायावर हनुवटी ठेवून पडला. मितेशभाईंनी पटकन फॉर्म काढला, मी पेन दिलं. रामूने अंगठा उठवला, साक्षीदारांचे अंगठे झाले, मितेशभाईंनी सही केली आणि म्हणाले, झालं. अभिनंदन.

पण रामू उठेना. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, “घेणार मी. देणारं कोण?”

“संस्था,” मितेशभाई म्हणाले.

“संस्थेला तोंड हाय का?”

 मग रामूने सांगितलं. त्याच्या आजाच्या वेळी घरात एक मुलगा दत्तक आला होता. कागद झाला, जेवण झालं, पण देणाऱ्या आईने मांडीवर घालून, चार माणसांत, तोंडाने ‘दिला’ म्हटलं नव्हतं. पुढे वीस वर्षांनी भाऊबंद म्हणाले, दिलाच कुठे होता? तेव्हापासून त्यांच्या घरात कागदावर विश्वास नाही. जिने वाढवला तिने मांडीवर घालायचा, तिने ‘दिला’ म्हणायचं, घेणारीने ‘घेतला’ म्हणायचं. मग तो त्या घरचा. नाहीतर तो नुसता राहायला आलेला.

सगळ्या अंगणाने वसुमावशीकडे बघितलं. काळ्या कुणाच्या पायावर झोपला आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं.

मावशी उठली. काळ्याला दोन्ही हातांनी उचललं, त्याचे तिन्ही पाय हवेत, आणि समोर मांडी घालून बसलेल्या सुकीपुढे जाऊन उभी राहिली. खाली वाकली. त्याला सुकीच्या मांडीवर ठेवलं. आणि तिथेच थांबली. 

बाजारात ‘दिला’ हा शब्द ती दिवसातून शंभरदा म्हणते. गिऱ्हाईक अडून बसलं, दोनदा जाऊन दोनदा परत आलं, की ती बोंबलांचा वाटा त्याच्या पिशवीत टाकते आणि म्हणते, जा, दिला. तोच शब्द त्या अंगणात तिच्या घशातून निघेना. मी मनात दत्ताचं नाव घ्यायला लागले. मितेशभाई आभाळाकडे बघायला लागले. रामूने घाई केली नाही, सुकीनेही नाही. माणसं बसून राहिली, जशी मुलगी सासरी निघताना बसतात.

मग मावशीने नाक ओढलं, कंबरेवर हात ठेवले आणि एकदम बाजारातल्या आवाजात सुरू झाली. त्या आवाजाने दोन कोंबड्या उडाल्या.

“पावसात खाली गोणपाट घालशील?”

“घालीन,” सुकी म्हणाली.

“ओलं झालं तर बदलशील?”

“बदलीन.”

“भाकरी कोरडी नाही द्यायची. कालवण लावून.”

“लावून देईन.”

“ठणकला तर हळद-तेल गरम करून. फार गरम नाही.”

“माझ्या गुडघ्याला लावते ना रोज, त्यातलंच लावीन.”

 आणखी एखादी अट सापडते का ते मावशीने बघितलं. मग म्हणाली, “मी आले की भेटू देशील?”

सुकीने तिच्याकडे वर बघितलं. म्हणाली, “बाय, तू देणारी. तुला कोण अडवील? तुझं घर आता याचं माहेर.”

“मग जा,” मावशी म्हणाली. “दिला.”

“घेतला,” सुकी म्हणाली.

काळ्याने सुकीच्या हाताला लागलेला भाकरीचा तुकडा शोधून खाल्ला. अंगणात सगळे एकदम बोलायला लागले. मावशीने बाजूला ठेवलेला चहा एका घोटात संपवला आणि गार केलात म्हणून रामूलाच बोलली.

परतीच्या वाटेवर ती तलासरीपर्यंत मागच्या काचेतून बघत होती. मग म्हणाली, घोलवडच्या माणसाला उद्या फोन करा, त्याला ती लंगडी मांजर द्या, हसू दे त्याला किती हसायचं ते. मितेशभाईंनी गाडी चालवता चालवताच मान हलवली. मी कहाणीच्या वेळेला घरी पोचले. त्या दिवशी महालक्ष्मीपुढे उपास सोडताना मी काय मागितलं ते वहीत लिहिलेलं आहे, इथे लिहीत नाही.

आता मंडळाचा फॉर्म बदलला आहे. शेवटची ओळ मावशीने मला सांगून लिहून घेतली: ‘देणाऱ्याने चार माणसांत मोठ्याने दिला म्हणावे, घेणाऱ्याने मोठ्याने घेतला म्हणावे.’ शहरातली माणसं आधी लाजतात. बँकेतल्या सोनलताई मांजराचं पिल्लू न्यायला आल्या तेव्हा इतक्या हळू म्हणाल्या, की मावशीने त्यांना तीनदा म्हणायला लावलं. पण एक खरं, की तो शब्द मोठ्याने म्हटल्यावर माणूस जनावर उचलतो ते जरा वेगळ्या हातांनी.

होळीच्या आदल्या दिवशी रामू आणि सुकी ओळखीच्याच्या टेम्पोतून काळ्याला घेऊन डहाणूला आले. माहेरपणाला. शेडसमोर वसुमावशी सकाळपासून येऊन बसली होती, त्या दिवशी तिने पाट मांडलाच नाही. काळ्या उतरला आणि असा धावत आला की तीन पायांवर घसरून तिच्या अंगावरच पडला. तो गुबगुबीत झाला होता. मावशीने त्याला मांदेली भरवली, कान तपासले, पायाची जागा दाबून बघितली, सुकीला फार खायला घालता म्हणून रागावली. दोघी चिकूच्या सावलीत बसून गुडघ्यांबद्दल बोलत राहिल्या. दुपारी मावशी त्याला किनाऱ्यावर फिरवून आली, बोंबलांपासून लांबून.

चार वाजता टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. आम्ही सगळे मावशीकडे बघत होतो. रामू अजून चप्पल शोधत होता, सुकी पिशवी आवरत होती, तेवढ्यात काळ्या मावशीच्या मांडीवरून उठला, तडक गेला, आणि सगळ्यांच्या आधी टेम्पोत चढून उधव्याच्या दिशेला तोंड करून बसला.

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मावशी रस्त्यात उभी होती. धुळवडीला सुरमई आणायला मी गेले तेव्हा पाटावर गर्दी होती आणि ती प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत होती. मेल्याला अकरा दिवस काटे काढून भरवलं, आणि जाताना त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. सांगताना तिचा आवाज बाहेरच्या रिक्षावाल्यांपर्यंत जात होता, आणि माझ्या पिशवीत तिने न मागता एक तुकडी जास्तीची टाकली.